नुकसानभरपाईचे आयते गणित

इ. स. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्यास जी दुसरी अनुसूची जोडण्यात आली, ती म्हणजे कायद्याने स्वतःच छापून दिलेले एक आयते गणकयंत्र होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. मृताचे वय एका बाजूस, वार्षिक उत्पन्न दुसऱ्या बाजूस, आणि दोहोंची गाठ जेथे पडेल त्या रकान्यात वारसांस द्यावयाची रक्कम, अशी तिची रचना होती. चालकाचा दोष सिद्ध करण्याची दगदग नको, साक्षीपुराव्यांत वर्षे जावयास नकोत, तक्त्यावर बोट ठेवावे आणि हुकूम लिहावा, हा तिचा सद्हेतू. परंतु अवघ्या दोन वर्षांनी, १९९६ साली, उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळ विरुद्ध त्रिलोकचंद्र ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा तक्ता जरा जवळून पाहिला, तेव्हा शाळेतील मुलानेही ताळा घेऊन पकडाव्यात अशा चुका त्यात आढळल्या. ३,००० रुपये उत्पन्नास १५ चा गुणक लावला असता ४५,००० यावयास हवेत, तेथे ६०,००० छापलेले. ९,००० स १६ ने गुणिले असता १,४४,००० होतात, तेथे १,७१,००० मांडलेले. न्यायालयाने त्या तक्त्यास केवळ मार्गदर्शकाचे स्थान दिले आणि त्यावर डोळे मिटून विसंबू नये असे बजावले. तथापि तो चुकीचा तक्ता मे २०१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षे, कायद्याच्या पुस्तकात जसाच्या तसा नांदत राहिला.

आज त्या छापील तक्त्याची जागा संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील गणकांनी घेतली आहे. अपघाती मृत्यूची भरपाई काढणारे गणक आहेत, मोटारीच्या सुट्या भागांवरील घसारा काढणारे आहेत, रुग्णालयाच्या बिलातून किती रक्कम मंजूर होईल हे सांगणारे आहेत, पीकविम्याचे आहेत, व्याजाचे आहेत, आणि एकराचे हेक्टर, गॅलनचे लिटर, डॉलरचे रुपये करून देणारी रूपांतराची साधने तर असंख्य आहेत. ह्या साऱ्यांत एक गोष्ट प्रथमदर्शनीच लक्षात येते: विमा घेण्यापूर्वी हप्ता किती पडेल हे सांगणारे गणक विमा कंपन्यांनी मोठ्या हौसेने उभारलेले असतात, पण नुकसान झाल्यावर पदरात किती पडेल हे सांगणारे गणक बहुधा वकिलांच्या कचेऱ्यांनी, निवृत्त सर्व्हेअरांनी किंवा संगणकप्रणाली विकणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी तयार केलेले असतात. मालाच्या दुकानात तराजू गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला असतो; येथे तो विक्रीच्या वेळी तसा असतो आणि परतफेडीच्या वेळी फिरवून ठेवलेला असतो.

अशा गणकांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. यंत्र चुकत नाही, तेव्हा त्याचे उत्तर प्रमाण मानावे, असे एक मत. आणि दावा हा माणसांचा व्यवहार असल्यामुळे यंत्राचा त्यात काही उपयोग नाही, असे दुसरे. दोन्ही मते मला आळसाची वाटतात. यंत्राचा गुणाकार चुकत नाही हे खरे, पण दाव्यातील चूक गुणाकारात क्वचितच असते. ती कोणत्या तारखेचा नियम लावला, कोणती वजावट आधी केली आणि कोणत्या व्यक्तीस कोणत्या वर्गात घातले, ह्या ठिकाणी असते. म्हणून गणकाची परीक्षा त्याच्या उत्तरावरून करण्यापेक्षा तो उत्तर देण्यापूर्वी काय काय विचारतो, ह्यावरून करणे अधिक फलदायी होते.

ह्याचे सर्वांत बोलके क्षेत्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील मृत्यूच्या दाव्यांचे. तेथील हिशेबाची आजची चौकट मुख्यतः दोन निवाड्यांवर उभी आहे: २००९ चा सरला वर्मा विरुद्ध दिल्ली परिवहन महामंडळ हा, आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिलेला प्रणय सेठी प्रकरणातील. पहिल्याने वयोगटानुसार गुणक ठरवून दिले. १५ ते २५ वयापर्यंत १८, पुढे २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, आणि असे उतरत जाऊन ६५ च्या पुढे ५. मृत व्यक्तीने स्वतःवर खर्च केले असते असे मानून करावयाची वजावटही त्याच निवाड्याने आखून दिली: विवाहित माणसाचे दोन-तीन अवलंबित असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, त्याहून अधिक असतील तर एक पंचमांश, आणि अविवाहिताच्या बाबतीत सामान्यतः निम्मी. दुसऱ्या निवाड्याने भावी उत्पन्नवाढीचे प्रमाण निश्चित केले. कायम नोकरीतील माणूस चाळिशीच्या आतला असेल तर उत्पन्नात ५० टक्के भर, चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ३० टक्के, पन्नास ते साठच्या दरम्यान १५ टक्के. आणि स्वतंत्र धंदा करणाऱ्यास किंवा ठरीव पगारावर असणाऱ्यास अनुक्रमे ४०, २५ आणि १० टक्के.

समजा, चौतीस वर्षांचा एक मेकॅनिक, स्वतःचे छोटे गॅरेज चालविणारा, महिन्यास १५,००० रुपये मिळविणारा, अपघातात गेला आणि त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व वृद्ध आई राहिली. वार्षिक उत्पन्न १,८०,०००. त्यात ४० टक्के भर घालून २,५२,०००. चार अवलंबित म्हणून चतुर्थांश वजा करून १,८९,०००. त्यास १६ ने गुणून ३०,२४,०००. आता येथे गणकाने मृत व्यक्ती ‘नोकरदार’ की ‘स्वयंरोजगारी’ हे विचारलेच नाही आणि मूळ गृहीतक म्हणून कायम नोकरीचे ५० टक्के धरले, तर तोच आकडा ३२,४०,००० होतो. वारसांच्या मनात २,१६,००० रुपयांची अशी आशा निर्माण होते की जिला निकालात जागा मिळणार नाही. उलट अवलंबितांची संख्या विचारताना त्याने केवळ ‘पत्नी व मुले’ एवढाच रकाना ठेवला असेल, तर आई हिशेबातून गळून पडते, वजावट तृतीयांश होते आणि रक्कम २६,८८,००० वर येते. एका रकान्याच्या अभावी ३,३६,००० रुपये नाहीसे झाले, आणि गुणाकार मात्र दोन्ही वेळा बिनचूक होता! येथे हेही ध्यानात ठेवले पाहिजे की वडिलांना सामान्यतः अवलंबित धरले जात नाही, ते तसे होते हे पुराव्याने दाखवावे लागते. तेव्हा ‘आई-वडील’ असा एकत्र रकाना ठेवणारा गणक उलट बाजूने फसवितो. तसेच अविवाहित तरुणाच्या बाबतीत गुणक त्याच्या वयावरून घ्यावयाचा असतो. आईच्या वयावरून तो घेणारी जुनी पद्धत अजूनही कित्येक तयार कोष्टकांत दडून बसलेली आढळते.

ह्याच्या पुढे परंपरागत शीर्षांखालील रकमा येतात. प्रणय सेठी निवाड्याने संपदाहानीसाठी १५,०००, सहजीवनाच्या हानीसाठी ४०,००० आणि अंत्यविधीसाठी १५,००० ठरविले व दर तीन वर्षांनी त्यांत दहा टक्के वाढ करावी असे सांगितले. म्हणजे २०२० पासून सहजीवनाचे ४४,००० आणि उरलेल्या दोहोंचे प्रत्येकी १६,५००. २०२३ पासून ४८,४०० आणि १८,१५०. शिवाय २०१८ च्या मॅग्मा जनरल इन्शुरन्स प्रकरणातील निवाड्याने सहजीवनाची हानी केवळ पत्नीचीच नव्हे, तर मुलांची व आई-वडिलांचीही मानली. तेव्हा आपल्या मेकॅनिकच्या कुटुंबात ४८,४०० ची चौपट, म्हणजे १,९३,६०० रुपये ह्या एका शीर्षाखाली येतात, आणि संपदा व अंत्यविधी मिळून ३६,३०० धरता एकूण आकडा ३२,५३,९०० होतो. जे गणक अजून २०१७ साली थांबलेले आहेत ते ह्या ठिकाणी ७०,००० ची एकच ठोक रक्कम जोडून मोकळे होतात. आपण कोणत्या दिवसापर्यंतचे कायदे जाणतो हे गणकाने सांगितले नाही, तर त्याचे अज्ञान वापरणाऱ्यास कळण्याचा काही मार्ग उरत नाही.

जखमी माणसाच्या दाव्यात तर गणकाची कुवत फारच लवकर संपते. सरकारी रुग्णालयाचा दाखला पायास ४५ टक्के अपंगत्व आले असे म्हणतो, आणि गणक विनासंकोच उत्पन्नाचे ४५ टक्के बुडाले असे धरून पुढे जातो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या २०१० च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच भ्रम दूर करण्याचा प्रयत्न केला होता. एका अवयवाचे अपंगत्व निराळे, संपूर्ण शरीराच्या मानाने ते किती हे निराळे, आणि त्यामुळे त्या माणसाची कमाई किती घटली हे तिसरेच, असे त्यात विशद केले आहे. उजव्या हाताचे ६० टक्के आणि डाव्या पायाचे ८० टक्के म्हणून एकूण १४० टक्के होत नाहीत, हे सांगण्याची वेळही न्यायालयावर आली. डावा हात गेला तर वाहनचालकाचा किंवा सुताराचा धंदाच बुडतो, पण सरकारी कचेरीतील कारकुनाची नोकरी कदाचित तशीच चालू राहते. ही तारतम्याची गोष्ट गणकाच्या रकान्यात मावणारी नाही. अनेक इजा एकत्र करण्यासाठी आपल्या सरकारी मार्गदर्शिकेत एक सूत्र आहे, त्यात मोठ्या टक्केवारीस ९० मधून वजा करून येणाऱ्या बाकीच्या प्रमाणात लहान टक्केवारी मिळवितात. अमेरिकेत तयार झालेली साधने तेथे १०० धरतात. ४० आणि २० टक्क्यांची बेरीज पहिल्या रीतीने सुमारे ५१, दुसऱ्या रीतीने ५२. अंतर लहान आहे, परंतु परदेशी साधन कोणत्या देशाच्या नियमावर बेतलेले आहे ह्याचा विचार न करता ते उचलण्याची सवय मोठी आहे.

कामगार भरपाईचा हिशेब त्या मानाने सरळ. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कायद्याखाली मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या ५० टक्क्यांस वयानुसार ठरलेल्या घटकाने गुणावयाचे, एवढीच रीत होती. चाळीस वर्षांच्या कामगारास तो घटक १८४.१७. पण वेतन कितीही असले तरी हिशेबापुरती त्यावर मर्यादा असे, आणि ती मर्यादा ३ जानेवारी २०२० रोजी ८,००० वरून १५,००० झाली. बावीस हजार मिळविणाऱ्या कामगाराच्या वारसांस १५,००० च्या मर्यादेने १३,८१,२७५ मिळत. मर्यादा विसरली तर गणक २०,२५,८७० दाखवितो, आणि जुनी मर्यादा धरली तर ७,३६,६८०. अपघाताची तारीख विचारणारा एक रकाना ह्या तिन्हींतून योग्य आकडा निवडून देतो.

मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचे गणक सर्वांत अधिक वापरले जातात आणि बहुतांशी ठीकही असतात, कारण तेथील कोष्टक स्थिर आहे: रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी ह्यांवर ५० टक्के घसारा, फायबरग्लासवर ३०, काचेवर काहीच नाही, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार पहिल्या सहा महिन्यांत शून्यापासून दहा वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत. रंगकामाच्या बिलाविषयी मात्र नवख्याची हमखास फसगत होते. वीस हजारांचे एकत्रित बिल असेल तर त्यातील चतुर्थांश, म्हणजे ५,००० एवढाच रंगाचा माल मानावयाचा व त्यावर ५० टक्के घसारा घ्यावयाचा. म्हणजे वजावट २,५०० ची. सगळ्या बिलावर ५० टक्के लावून १०,००० कापणारा गणक गॅरेजवाल्याशी भांडण लावून देतो, आणि त्या भांडणात गॅरेजवाल्याची काहीच चूक नसते.

आगीच्या दाव्यांत क्रमाचा प्रश्न येतो, आणि तो मला ह्या साऱ्या विषयातील सर्वांत उद्बोधक वाटतो. गोदामात ८० लाखांचा माल असून विमा ५० लाखांचाच उतरविलेला असेल तर मालक उरलेल्या तीस लाखांपुरता स्वतःच स्वतःचा विमाकर्ता ठरतो, आणि भरपाईही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच ह्या त्रैराशिकाने मिळते. आता नुकसान १६ लाखांचे झाले आणि जळक्या मालाच्या विक्रीतून २ लाख आले असे धरा. वहिवाटीप्रमाणे आधी जळक्या मालाची किंमत वजा करून १४ लाख, मग त्रैराशिक लावून ८,७५,००० येतात, आणि त्यातून पॉलिसीनुसार विमेदाराने सोसावयाचा हिस्सा कापतात. परंतु आधी त्रैराशिक लावून १० लाख काढले आणि मग २ लाख वजा केले, तर ८ लाखच उरतात. क्रम उलटला की ७५,००० रुपये गेले. गणकाच्या पडद्यावर दोन्ही उत्तरे सारखीच आत्मविश्वासाने झळकतात, आणि आपण कोणत्या क्रमाने वजाबाकी केली हे सांगण्याची तसदी फारच थोडे गणक घेतात. लहान धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ह्या पॉलिसीत विमा १५ टक्क्यांपर्यंत अपुरा असला तरी ही कपात माफ आहे, आणि घरांसाठीच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत तर ती नाहीच. तेव्हा कोणती पॉलिसी हे न विचारता त्रैराशिक मांडणारा गणक घरमालकास निष्कारण भिवविणारा ठरतो.

रुग्णालयाच्या बिलात ह्याच जातीची गुंतागुंत खोलीच्या भाड्यामुळे होते. पॉलिसीत रोजच्या ३,००० भाड्याची मर्यादा असून रुग्ण ६,००० च्या खोलीत पाच दिवस राहिला, तर खोलीचे १५,००० मिळतातच, पण त्याच प्रमाणात इतर खर्चही निम्मे होतात, हा नियम बहुतेकांस ठाऊक असतो. मात्र विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२० मध्ये स्पष्ट केले की ही कपात औषधे, शरीरात बसविलेली उपकरणे आणि तपासण्या ह्यांवर करावयाची नाही, आणि खोलीच्या प्रतीनुसार वेगवेगळे दर न लावणाऱ्या रुग्णालयात तर मुळीच नाही. शस्त्रक्रिया, शुश्रूषा वगैरेंचे १,२०,००० आणि औषधे-उपकरणांचे ८०,००० असे बिल असेल तर देय रक्कम १५,००० अधिक ६०,००० अधिक ८०,०००, म्हणजे १,५५,००० होते. सरसकट निम्मे करणाऱ्या हिशेबाने ती १,१५,००० येते. विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थाच्या (टीपीएच्या) कचेरीकडून मंजुरीचे पत्र आले की त्यातील कपातीचा तपशील अशा गणकाशी ताडून पाहणे हे विमेदाराच्या दृष्टीने खरोखर उपयोगाचे काम आहे, कारण तेथे चाळीस हजारांचा फरक एका ओळीत लपलेला असू शकतो.

शेतकऱ्याच्या वाट्यास हिशेबाच्या आधीच रूपांतराचे संकट येते. सात-बारावर क्षेत्र हेक्टर व आर मध्ये लिहिलेले असते, शेतकऱ्याच्या तोंडी मात्र एकर आणि गुंठे असतात. चाळीस गुंठ्यांचा एकर, गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, आणि आर १०० चौरस मीटरचा. त्यामुळे गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, पण तंतोतंत नव्हेत. ‘दोन एकर दहा गुंठे’ जमीन असलेला माणूस रूपांतराच्या साधनात २.१० असे लिहितो आणि त्यास ०.८५ हेक्टर असे उत्तर मिळते. वस्तुतः दहा गुंठे म्हणजे पाव एकर, संख्या २.२५, आणि क्षेत्र ०.९१ हेक्टर. सहा आर जमीन दशांशचिन्हाच्या मागे हरवली. साधनाने एकराचा आणि गुंठ्यांचा असे दोन निरनिराळे रकाने ठेवले असते तर ही चूक संभवलीच नसती. पण ही साधने करणाऱ्यास गुंठे बहुधा ठाऊक नसतात. त्याशिवाय पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र, वजा करावयाचा असतो, तो निराळाच. सात-बारावरील क्षेत्र आणि विम्यात नोंदविलेले क्षेत्र ह्यांची रुजवात बसली नाही म्हणजे पुढे अर्ज अडतो, आणि तलाठ्याच्या दाखल्यापासून सेवा केंद्रापर्यंतच्या खेपा सुरू होतात.

क्षेत्र एकदा ठरले की प्रधानमंत्री पीकविमा योजनेचे सूत्र अगदी सोपे आहे: मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांच्या सरासरीस जोखीमस्तराने गुणून उंबरठा उत्पादन काढावयाचे, प्रत्यक्ष उत्पादन त्याहून जितक्या टक्क्यांनी कमी असेल तितके टक्के विमासंरक्षित रकमेचे द्यावयाचे. उंबरठा हेक्टरी १० क्विंटल, प्रत्यक्ष ६, तर तूट ४० टक्के. हेक्टरी ५०,००० च्या संरक्षणावर २०,०००. पण ‘प्रत्यक्ष उत्पादन’ ह्या रकान्यात शेतकरी स्वतःच्या शेताचा आकडा भरतो, आणि येथेच सारा घोळ होतो. कारण योजनेस अभिप्रेत असलेले उत्पादन महसूल मंडळाचे असते आणि ते पीक कापणी प्रयोगांतून ठरते. शेजारच्या गावी पाऊस पडला आणि आपल्या शिवारात पडला नाही, तर आपले २ क्विंटल त्या सूत्रात कोठेच दिसत नाहीत. आणखी एक गैरसमज पैसेवारीचा. पिकाच्या अंदाजाची ही पैसेवारी पन्नास पैशांखाली आली म्हणजे दुष्काळी उपाययोजनांचे दार उघडते, म्हणून ती ऐकताच विम्याचे पैसेही येणार असे मानले जाते. वास्तविक पैसेवारी हा महसूल खात्याचा निराळा दस्तऐवज आहे. महाराष्ट्राने खरीप २०२३ पासून एका रुपयात पीकविमा दिला आणि २०२५ मध्ये ती सवलत मागे घेतली. त्यामुळे हप्त्याचे जुने गणक तर एका रात्रीत कालबाह्य झाले. आता शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपास दोन टक्के, रब्बीस दीड टक्का आणि नगदी पिकांस पाच टक्क्यांपर्यंत असा आहे.

कापसाच्या आगीत एककांचा गोंधळ निराळे रूप घेतो. जिनिंगच्या आवारात साठा गाठींत मोजलेला असतो आणि बाजारभाव खंडीवर असतो. भारतीय गाठ १७० किलोची, खंडी सुमारे ३५५.६ किलोची, म्हणून ५०० गाठी म्हणजे ८५,००० किलो, अर्थात २३९ खंडी. परंतु परदेशी रूपांतर-साधनातील गाठ अमेरिकन, ४८० पौंडांची, म्हणजे २१८ किलोच्या आसपासची. तिने मोजल्यास त्याच ५०० गाठींचा १,०९,००० किलो कापूस होतो आणि चोवीस हजार किलो कापूस केवळ कागदावर जळतो. टनाचेही असेच: इंग्रजी टन १,०१६ किलोचा, अमेरिकन ९०७ चा, मेट्रिक १,००० चा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचे आणि अमेरिकन ३.७८५ चे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने आपण दशमान पद्धती स्वीकारली, १ एप्रिल १९५७ पासून नाणीही दशमान झाली, तरी बंदरावरच्या कागदपत्रांत परदेशी एकके येतच राहतात.

चलनाचे रूपांतर हा तर निव्वळ तारखेचा प्रश्न आहे. विमानाने पाठविलेला माल हरवला तर वाहकाची जबाबदारी माँट्रियल कराराने मर्यादित केलेली असते, आणि ती मर्यादा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष आहरण अधिकारांत सांगितलेली आहे. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड ह्या पाच चलनांवर आधारलेले हे एकक. २८ डिसेंबर २०२४ पासूनच्या सुधारित मर्यादेप्रमाणे मालास किलोमागे २६ अधिकार, म्हणजे २५० किलो हापूस आंबे हरवले तर ६,५०० अधिकार. ह्याच्या आधीच्या, १९२९ च्या वॉर्सा करारात ही मर्यादा किलोमागे २५० फ्रँक होती, आणि तो फ्रँक ६५.५ मिलिग्रॅम सोन्याचा. आजच्या चलन-गणकांस तो फ्रँक ठाऊकही नसेल. आता हे अधिकार रुपयांत आणावयाचे कोणत्या दिवसाच्या दराने? दावा न्यायालयात गेला असेल तर करार निकालाचा दिवस धरावयास सांगतो. चलनाचे बहुतेक गणक ‘आज’ एवढेच जाणतात, आणि दाव्यात आज हा दिवस क्वचितच महत्त्वाचा असतो.

व्याजाच्या गणकांचीही हीच खोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७१ खाली न्यायाधिकरण जे व्याज देते ते सरळव्याज असते व दावा दाखल झाल्याच्या तारखेच्या आधीपासून ते लागत नाही. पण बँकेच्या ठेवींसाठी बनविलेले गणक मूळ गृहीतक म्हणून चक्रवाढ धरतात. तीस लाखांवर ७ टक्क्यांनी चार वर्षांचे सरळव्याज ८,४०,००० होते, आणि वार्षिक चक्रवाढीने तेच ९,३२,३८८ च्या आसपास जाते. पक्षकार असा कागद घेऊन वकीलसाहेबांकडे जातो, आणि पहिला अर्धा तास त्याची समजूत काढण्यात जातो.

तरीसुद्धा ह्या गणकांना बाजूस सारावे असे मला वाटत नाही. दाव्याच्या व्यवहारात एका पक्षाकडे कोष्टके, निवाडे आणि अनुभव ह्यांचा साठा असतो आणि दुसऱ्याकडे केवळ दुःख व घाई असते. लोकअदालतीच्या दिवशी तडजोडीचा आकडा समोर आला असता तो वाजवी आहे की नाही हे त्या क्षणी पडताळून पाहण्याचे दुसरे कोणतेही साधन विधवेच्या हाती नसते. म्हणून मागणी गणक कमी करण्याची नसून ते अधिक बोलके करण्याची असावी. कारकुनाने हिशेब केला तर त्याखाली तो रीत लिहितो, सही करतो, तारीख घालतो. सर्व्हेअरच्या अहवालात प्रत्येक वजावटीचे कारण नमूद असते. मग गणकास तेवढी कैफियत देण्यापासून सूट का असावी? प्रत्येक पायरीचा आकडा, तो कोणत्या निवाड्यावरून किंवा पॉलिसीच्या कोणत्या कलमावरून घेतला हे, आणि कोष्टक शेवटचे कधी दुरुस्त केले ती तारीख, एवढे तीन तपशील उत्तराखाली छापले तर वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक घोटाळे वापरणाऱ्याच्या स्वतःच्याच नजरेस येतील. आणि हे मराठीत झाले पाहिजे. गुंठा, पोटखराबा, महसूल मंडळ, अवलंबित, सहजीवनाची हानी हे शब्द ज्यांस दावा करावयाचा आहे त्यांच्या ओळखीच्या रूपात असले पाहिजेत.

तोपर्यंत गणक पारखण्याची एक सोपी रीत सुचविता येते. वरचा मेकॅनिकचा दाखला त्यात भरावा, आणि बाकी सारे तसेच ठेवून तारीख २०१९ ची घालून एकदा व २०२४ ची घालून एकदा उत्तर पाहावे. सहजीवनाची रक्कम प्रत्येक वारसामागे ४०,००० वरून ४८,४०० वर गेली तर साधन जिवंत आहे असे समजावे. ती हलली नाही, किंवा तारीख विचारणारा रकानाच नाही, तर त्याने दिलेल्या इतर कोणत्याही आकड्यावर सही करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. दर तीन वर्षांचा क्रम पाहता ऑक्टोबर २०२६ च्या टप्प्यास तीच रक्कम ५३,२४० होते आणि संपदा व अंत्यविधी ह्यांचे प्रत्येकी १९,९६५.